विषाचा हिशेब कोण देणार?



प्रदूषण म्हटले की शहरातल्या विद्वानांना गिरणीची चिमणी आठवते, मोटारीचा धूर आठवतो. पऱ्हाटीच्या तासात पाठीवर पंप घेऊन चालणारा मजूर त्यांना दिसत नाही. हवेचे, पाण्याचे, मातीचे प्रदूषण पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असते; आपल्या वावरात ते एकाच पंपातून निघते. वाऱ्यावरचा फवारा नाकात जातो, पानावरून गळलेला मातीत, आणि पावसाबरोबर वाहिलेला नाल्यात.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. वरून ऐकवले काय? हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही! डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, त्या उकाड्यात, तो पोशाख साहेबांनी तासभर घालून दाखवावा. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यापुरती बंदी २००५ सालीच आली होती. कपाशीवर ते चालूच राहिले. खाणाऱ्याला जे विष चालत नाही, ते फवारणाऱ्याला कसे चालते?

याला आपण 'औषध' म्हणतो, हीच पहिली फसवणूक. या जातीचे विष किड्याच्या मज्जातंतूंवर जे करते तेच माणसाच्या करते. घाम, लाळ, अंधूक नजर, छातीत दाटणे ही त्याची खूण. त्याच फवाऱ्यात ढालकिडा मरतो, क्रायसोपा मरतो. मावा आणि अळीची अंडी खाणारे हे आपले बिनपगारी राखणदार. राखणदार मेला की कीड मोकाट, की पुन्हा फवारणी, की पुन्हा उधारी. २००२ साली बीटी बियाणे आले तेव्हा फवारणी सुटेल असे सांगितले गेले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीजी-२ लाही जुमानले नाही. बियाण्याचे पैसे गेले, विषाचेही गेले.

तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्यावर पंप उचलू नका. एकरी दोन कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करा.

आणि सरकारकडे भीक नव्हे, हक्क मागा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामभर ॲट्रोपिन हवे. विषबाधेची प्रत्येक नोंद झाली पाहिजे. मजुराच्या घरालाही भरपाई मिळाली पाहिजे. विकणाऱ्याने नफा घ्यायचा आणि मरणाऱ्याने दोष घ्यायचा, हा व्यवहार आम्हाला मंजूर नाही. जिल्हा मेळाव्यात हा ठराव हात वर करून मांडा!