आधी लघवीची तपासणी, मग गोळी

“ताई, पाळी यायची गोळी द्या.” आमच्या मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी सतत येते. कधी बाई स्वतः मागते, कधी नवऱ्याला पाठवते. दुकान सांगली जिल्ह्यात आहे, फार्मासिस्टचा परवाना माझ्या नावावर आहे, आणि मी ही गोळी चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं हे दिसतं, तरीही देत नाही.

ही गोळी हॉर्मोनची असते. काही दिवस घेऊन थांबवली की गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि अंगावर जातं. दिवस गेलेले असतील तर काहीच होत नाही. म्हणजे पाळी कशामुळे चुकली हे न बघता हॉर्मोन पोटात गेलेलं असतं, आणि तेही नेमक्या नाजूक दिवसांत. गर्भ राहिल्यापासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास बाळाचं हृदय धडधडू लागतं. ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. हिशेब केला तर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बाई गोळी मागायला येते ती याच वेळी.

ब्रिटनमध्ये अशाच गोळ्या गर्भचाचणी म्हणून दिल्या जात. प्रिमोडॉसच्या दोन गोळ्या घ्यायच्या. अंगावर गेलं नाही तर दिवस गेले असं समजायचं. 1967 साली डॉ. इझाबेल गाल यांनी पाठीच्या कण्यात दोष असलेल्या मुलांच्या आयांकडे चौकशी केली आणि या चाचणीबद्दल शंका जाहीर केली. गोळी बाजारातून गेली 1978 मध्ये. गोळीमुळेच व्यंग आलं असं पुराव्यावरून म्हणता येत नाही, असं 2017 मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने सांगितलं. 2020 च्या कंबरलेज अहवालाने मात्र ती 1967 मध्येच बंद व्हायला हवी होती, असं म्हटलं. मला हा दुसरा निष्कर्ष पटतो. लघवीच्या तपासणीवरून दिवस गेल्याचं कळत असताना आईला हॉर्मोन देऊन बघायची गरजच काय होती?

आपल्याकडे ई. पी. फोर्टसारख्या जास्त मात्रेच्या गोळ्या चाचणीसाठी खपत, आणि “पाडायची गोळी” म्हणूनही. त्यांनी गर्भ पडेल याची काहीच खात्री नव्हती. सरकारने 1982 मध्ये बंदी आणली. कंपन्या कोर्टात गेल्या, स्थगिती मिळाली. स्त्री संघटना आणि काही डॉक्टरांनी प्रकरण लावून धरलं, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून जाहीर सुनावण्या झाल्या, आणि 1988 मध्ये बंदी पक्की झाली. मधली सहा वर्षं गोळ्या विकल्या जातच होत्या.

दिवस गेल्याचं न कळून गर्भनिरोधक गोळ्या चालू राहिल्या म्हणून काही जणी घाबरून गर्भ पाडायला निघतात. त्यांना मी थांबवते. डेन्मार्कमध्ये सुमारे 8 लाख 80 हजार बाळांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अशा आयांच्या बाळांत मोठी व्यंगं जास्त आढळली नाहीत. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन देतात, तेही वेगळं प्रकरण. ते मनाने बंद करू नये. माझा राग आहे तो न बघता दिलेल्या गोळीवर. “मुलगा होण्याचं औषध” म्हणून गरोदरपणी दिल्या जाणाऱ्या पुड्यांवर तर त्याहून जास्त. हरियाणात तपासलेल्या अशा औषधांत हॉर्मोनसारखी द्रव्यं सापडली आहेत, आणि ती घेणाऱ्या आयांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण जास्त दिसलं आहे.

लघवीच्या तपासणीची पट्टी मेडिकलमध्ये थोडक्या पैशांत मिळते. आशाताईंकडे सरकारचं निश्चय किट फुकट मिळतं. माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढंच सांगणं आहे: पाळी चुकलेल्या बाईच्या हातात आधी ती पट्टी द्या आणि डॉक्टरांकडे पाठवा. गोळी चिठ्ठी आल्यावरच द्या.