डब्यावरचा लाल त्रिकोण

बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजन घेतलेली २३ मुले दगावली. त्यांच्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. पुढे २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले. शेकड्यांनी रुग्णालयांत दाखल झाले. चौकश्या झाल्या, दोष वाटले गेले. शाळेतील विज्ञानाच्या तासाचाही या मृत्यूंशी काही संबंध पोहोचतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

कीटकनाशकाच्या डब्यावर १९७१ च्या नियमांनुसार कोनावर उभा केलेला एक चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या त्रिकोणातील रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि अखेरीस हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः तोही सावधगिरीचाच इशारा आहे. (खेड्यात या द्रव्याला सर्रास ‘औषध’ म्हणतात, घोटाळ्यास आरंभ तेथूनच होतो.) कपाशीच्या गावातील नववीच्या विद्यार्थ्याला मज्जासंस्थेची आकृती बिनचूक काढता येते; परंतु घामेजलेल्या अंगावर उडालेले मोनोक्रोटोफॉस त्वचेतून शिरून त्याच मज्जासंस्थेवर आघात करते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तेवढे सांगून भागेल काय? हातमोजे वापरा, असे डब्यावर लिहिलेलेच असते. रोजंदारीवरील मजूर भर दमट उकाड्यात ते का घालीत नाही, ते विकत कोणी घ्यावयाचे, आणि २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीला शेंदरी बोंडअळी पुढे दाद देईनाशी का झाली, हे प्रश्नही त्याच धड्याचे आहेत. शेतकरी हौसेने फवारीत नाही. पीक गेले तर कर्ज उरते, हेही वर्गात बोलले गेले पाहिजे. येथे शिक्षक बिचकतो. अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो, आणि कीटकनाशकांचा विक्रेता कदाचित शाळेच्या समितीवरच बसलेला असतो. ही अडचण खोटी नव्हे. तथापि तिच्यापायी ‘कीटकनाशकांचे पाच दुष्परिणाम’ एवढेच लिहवून घेणे, ही विज्ञानाची थट्टा होय.

असे शिक्षण आपल्याकडे अशक्य आहे, हे म्हणणे मात्र टिकणारे नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ मध्ये सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यांतील मुले स्वतः प्रयोग करीत, शिवारात हिंडून निरीक्षणे नोंदवीत आणि पुस्तक उघडे ठेवून परीक्षा देत. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारने तो बंद केला. परीक्षेची ती रीत तरी उचलावयास हरकत नव्हती. डब्यावरील मजकुराची प्रत पुढे ठेवून एकरी मात्रा काढा, असा प्रश्न एकदा आला, की शिकवणे आपोआप बदलेल.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात आणि फवारणीचा हंगाम त्यानंतर लगेच येतो. हा धडा दिवाळीनंतर शिकवून उपयोग नाही.