जुन्या रायफलींचे आधुनिकीकरण: तुमच्या वर्कशॉपला काम मिळाले तर काय पाहाल?

सैन्याने नव्या रायफलींसाठी मोठा करार केला आहे. डिसेंबर 2021 मध्ये 6,01,427 एके-203 रायफलींचा करार झाला आणि त्या अमेठीजवळ कोरवा येथे तयार होतात. तरीही जुन्या रायफली लगेच मोडीत जात नाहीत. विशेष दलांच्या एके-47 सुधारण्याचे काम बेंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या खासगी कंपनीला मिळाले. याआधी अशा कामासाठी इस्रायली साहित्य वापरले जात असे.

या कामात नळी आणि गोळी झाडणारी मूळ यंत्रणा सहसा तीच राहते. दस्ता, मूठ, पुढची पकड आणि वरचे झाकण बदलले जाते. यात खरे महत्त्व झाकणाला आहे. मूळ झाकण पातळ पत्र्याचे व थोडे सैल असते, त्यामुळे त्यावर दुर्बीण बसवली तर नेम टिकत नाही. नवे झाकण घट्ट बसते आणि त्यावर दिवसाची किंवा रात्रीची दुर्बीण लावता येते. गोळ्या मात्र पूर्वीच्याच चालतात.

असे भाग सीएनसी यंत्रावर बनतात. पीण्या किंवा बोम्मसंद्र भागात तुमचे छोटे वर्कशॉप असेल, तर उद्या एखादी कंपनी तुम्हालाही विचारू शकते.

शस्त्र कायदा, 1959 नुसार शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. म्हणून तोंडी ऑर्डरवर बंदुकीचा कोणताही भाग बनवू नका. लेखी ऑर्डर घ्या आणि या कामासाठी लागणारा परवाना आहे का ते तपासा.

सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदीचा नियम केंद्राची मंत्रालये, विभाग आणि सरकारी कंपन्यांना लागू आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के आणि महिलांसाठी 3 टक्के वाटा आहे. खासगी कंपनी तुम्हाला काम देते तेव्हा हा वाटा मागता येत नाही. मध्यस्थ "कोट्यातून काम देतो" म्हणाला, तर पैसे देऊ नका.

थकलेल्या बिलाचा हक्क मात्र खासगी कंपनीकडूनही मिळतो. लेखी करार असल्यास 45 दिवसांत आणि नसल्यास 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा, कारण नंतरची नोंदणी वादात अडकते. ही नोंदणी निःशुल्क आहे.