भार वाहिला, म्हणून घर पेलेल?

अमेरिकेत चाकांवरच्या चिमुकल्या घरांचा, म्हणजे ट्रेलरवर लाकडी सांगाडा उभारून गाडीमागे ओढून नेता येईल अशा घरांचा, प्रसार झाल्यापासून एक मत पुन्हा पुन्हा मांडले जाते. नवा ट्रेलर घेणे हा पैशाचा चुराडा आहे, पोलादाला काही होत नाही, आणि ज्याने दहा वर्षे ट्रॅक्टर वाहिला त्याला घर जड जाणार नाही, असे या पक्षाचे म्हणणे आहे. रंग शाबूत आणि टायरच्या खाचा खोल असल्या की परीक्षा संपली, अशीही पुस्ती तो जोडतो.

रंग गंज झाकतो, थांबवत नाही. टायरचे रबर उभ्या उभ्याही चिरते; त्याच्या कडेवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि ‘२३१४’ असे दिसले तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, खाच कितीही खोल असो.

ट्रॅक्टरचा दाखला मात्र मुळातूनच तपासला पाहिजे, कारण सगळा अनर्थ त्यातच आहे. ट्रॅक्टर सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो; घर एकदा चढले की उतरत नाही, ते कमानपाट्यांवर रात्रंदिवस बसते आणि खालची चौकट तपासायला किंवा रंगवायला पुन्हा मोकळी मिळत नाही. घराची उंची रस्त्याच्या नेहमीच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे साडेतेरा फुटांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे वळणावर एका बाजूच्या चाकांवर येणारा ताण बुटक्या ट्रॅक्टरच्या ताणाहून निराळाच असतो. शिवाय ट्रेलरच्या पट्टीवर कोरलेले कमाल एकूण वजन ट्रेलरसकट मोजलेले असते. साडेतीन हजार पौंडांचे दोन आस असलेल्या सात हजारी ट्रेलरचे स्वतःचे वजन दोन हजार धरले, तर उरतात पाच हजार पौंड, आणि वीस-चोवीस फुटी घर सामानासह दहा हजारांच्या आसपास सहज पोहोचते. जड आस बसवले की प्रश्न मिटला, असे यावर सांगितले जाते. परंतु आस बदलल्याने चौकटीच्या पोलादाची जाडी वाढत नाही. आणि दहा वर्षे भार वाहिला हा गुण कसा ठरतो? त्या दहा वर्षांतला प्रत्येक जादा खेपेचा भार धातूने सोसलेला असतो, आणि त्याची निशाणी कमानपाटे टांगणाऱ्या कड्यांच्या जोडाजवळ केसासारख्या बारीक तड्याच्या रूपाने उरू शकते, जी रंगाखाली दिसतही नाही.

जुन्या प्रवासी ट्रेलरची खोली काढून नुसती चौकट वापरावी, हा वादही असाच जुना आहे. त्या चौकटी हलक्या खोलीच्या हिशेबानेच बांधलेल्या असतात आणि खोलीच्या भिंतींचा त्यांना आधार असतो. आधार काढून वर दुप्पट वजन ठेवणे हा जाणूनबुजून पत्करलेला धोका आहे आणि त्याची किंमत मागून येणारा अनोळखी प्रवासीही मोजू शकतो.

जुना ट्रेलर सरसकट त्याज्य आहे, असे मात्र नाही. पट्टी वाचता येत असेल आणि घराच्या आराखड्यातील वजन तिच्या आत बसत असेल, तर तो निवडता येतो. तारेच्या ब्रशने जोड खरवडून पाहावेत आणि हातोडीच्या ठोक्याने गंजाचे पोपडे निघतात की आवाज खणखणीत येतो, हे ऐकावे. मुळात किंचित वर बाक दिलेला आस सपाट किंवा खाली झुकलेला दिसला, किंवा टायर आतल्या कडेला अधिक झिजलेले आढळले, तर तो ट्रेलर सोडून द्यावा. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरतात का, ब्रेक चालतात का, हे पाहून रिकामा ट्रेलर वजनकाट्यावर तोलावा, आणि बांधकाम अर्धे झाल्यावर, भिंती उभ्या राहिल्या पण आतील सामान यायचे आहे अशा वेळी, तो पुन्हा काट्यावर न्यावा, म्हणजे जड लादी आणि ओतीव लोखंडी शेगडी घ्यायची की नाही, याचा निर्णय आकड्यावरून घेता येतो.