नाताळचें लिनेत्स्के

दिवाळीचा फराळ चार दिवस आधीं होऊन डबे भरलेले असले म्हणजे आपल्याकडील गृहिणीस जें समाधान वाटतें, तें चेक गृहिणीस डिसेंबरच्या मध्यावर वाटूं लागतें. नाताळाच्या आधींचे तीन-चार आठवडे तिकडे घरोघर ओव्हन तापलेले असतात. या काळांत होणाऱ्या लहान लहान गोड जिनसांना ‘त्सुक्रोवी’ म्हणतात. त्यांत अक्रोडाच्या पिठाच्या चंद्रकोरी असतात, आणखीही पुष्कळ प्रकार असतात; पण ज्यावांचून ताट पुरें वाटत नाहीं तो प्रकार म्हणजे लिनेत्स्के, दोन चकत्यांमध्यें जॅम घालून जोडलेलें बिस्किट. नांव ऑस्ट्रियांतील लिंत्स शहरावरून पडलें. त्या शहराच्या नांवाच्या केकची कृति १६५३ सालच्या एका हस्तलिखितांत सांपडते. आणि १९१८ पर्यंत बोहेमिया व ऑस्ट्रिया एकाच राजवटीखालीं असल्यामुळें पाककृतींना सरहद्द अशी नव्हतीच.

यजमानांच्या नोकरीमुळें आमचें बिऱ्हाड दोन वर्षें प्रागला होतें. शेजारीं एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांना कृतीसाठीं पुस्तक लागत नसे. तीन, दोन, एक, एवढेंच त्या बोटांवर मोजून दाखवीत : ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम थंड लोणी, १०० ग्रॅम दळलेली साखर. शिवाय लिंबाची किसलेली साल, व्हॅनिला आणि अंड्याचा बलक. आम्हांस अंडें चालत नाहीं असें कळतांच त्यांनीं कांहीं न बोलतां बलक वगळला व चमचाभर थंड दूध घातलें. पीठ गोळा होण्यापुरतेंच मळावयाचें. हाताच्या उबेनें लोणी सुटलें कीं बिस्किट चिवट झालेंच म्हणून समजावें. गोळा रात्रभर थंडींत ठेवून दुसऱ्या दिवशीं पातळ लाटावा, चकत्या पाडाव्या आणि निम्म्या चकत्यांच्या मध्यभागीं भोंक पाडावें. १७० ते १८० अंशांवर आठ-दहा मिनिटें पुरतात. कडा बदामी होण्याची वाट पाहूं नये. जॅम बहुधा रेड करंट नांवाच्या लालबुंद आंबट फळांचा, आणि घट्ट. गोड जॅमनें हा पदार्थ मिळमिळीत होतो.

पहिल्या वर्षीं मीं आपल्याच हिशेबानें वागलें. ताजें तें चांगलें, म्हणून चकत्या २४ डिसेंबरच्या दुपारीं जोडल्या. संध्याकाळीं पाहुण्यांनीं दांत लावतांच वरची चकती निसटली, खालचीचा भुगा मांडीवर, आणि जॅम एका सद्गृहस्थांच्या कोटावर ! शेजारच्या बाईंनीं त्या वेळीं चकार शब्द काढला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र आपला डबा घेऊन आल्या. त्यांच्या चकत्या आठवडाभर आधीं जोडून थंड कोठींत ठेवलेल्या. जॅमचा ओलावा हळूहळू बिस्किटांत उतरतो, तेव्हां तें जिभेवर विरघळतें. तोंवर डब्याला मुलांचे हात लागूं न देणें हेंच खरें काम ! २४ तारखेस दिवसभर उपास केला तर सोन्याचें डुकराचें पिल्लूं दिसतें असें तेथें मुलांना सांगतात. त्यांत डब्यांच्या रक्षणाचाही हेतु असावा असा मला दाट संशय आहे.

एक मात्र बोलल्यावांचून राहवत नाहीं. दहा-बारा प्रकार करण्याची तेथें बायकांत चढाओढ असते, आणि ऐन सणाच्या रात्रीं घरची बाई पाठ धरून बसते. हें आपल्यालाही नवें नाहीं. माझ्या मतें दोन प्रकार पुष्कळ झाले.

दुसऱ्या डिसेंबरांत बाईंचीं बोटें संधिवातानें आखडलीं होतीं. त्यांची मुलगी दूरच्या गांवीं, तिला या खटाटोपाची हौस नव्हती. लाटणें त्यांनीं माझ्या हातीं दिलें आणि स्वतः खुर्चीवर बसल्या. गोळा माझ्या हातांत जरा अधिक राहिला कीं त्या चमच्यानें टेबलावर टकटक करीत. १७ तारखेस चकत्या जोडून डबा कोठींत ठेवला. २४ तारखेस त्यांनीं त्यांतलें एक बिस्किट उचललें, बोटांनीं दाबून पाहिलें, आणि झांकण लावून डबा मुलीसाठीं बाजूला ठेवला.