खोडलेली नावे

२१ मे २०२४ रोजी बारावीचा निकाल लागला. त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर सहा महाविद्यालयांची नावे लिहून काढली. पहिले नाव पुण्याच्या फर्ग्युसनचे होते. त्याखाली पुण्याचेच आणखी एक, मग कऱ्हाडचे एक, साताऱ्याचे एक आणि शेवटी गावावरून जाऊन-येऊन करता येतील अशी दोन. आठ दिवसांत त्यातली पाच नावे खोडली गेली आणि एक उरले. ते उरलेले नाव म्हणजे आपले हे महाविद्यालय.

मी इथे नाखूश आहे असे कृपा करून कुणी समजू नये. परंतु ती पाच नावे कुणी खोडली आणि कशी खोडली, याचा विचार मी गेली दोन वर्षे करीत आले आहे, आणि त्याविषयी माझे काही मत बनले आहे. ते इथे मांडते.

दर वर्षी मे-जून महिन्यांत वर्तमानपत्रांतून महाविद्यालय कसे निवडावे याविषयी लेख येतात. आपली आवड ओळखा, कल पाहा, ध्येय ठरवा, असा त्यांचा सूर असतो. हे लेख चांगल्या मनाने लिहिलेले असतात, यात शंका नाही. पण यादी विद्यार्थ्याच्या हातात असते असे ते गृहीत धरतात. ज्यांच्या घरात यापूर्वी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांची यादी आधी एसटी छाटते, मग पैसा छाटतो, मग भावकी छाटते, आणि उरलेसुरले काम आपली स्वतःचीच भीती करते. आवड आणि कल यांची पाळी येईपर्यंत कागदावर छाटण्यासारखे काही राहिलेलेच नसते.

एसटीचेच पाहा. आमच्या माण तालुक्यातल्या गावात रात्री मुक्कामाची गाडी येते आणि सकाळी सहाला सुटते. संध्याकाळची परतीची गाडी चुकली की मुलीने काय करायचे, हा प्रश्न माझ्या आईने विचारला, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. बारावी झाली की तो संपतो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. त्यात विद्यार्थ्याला तिकिटाच्या एक तृतीयांश एवढेच पैसे पडतात, हे खरे. पण फुकट असलेली गोष्ट विकत घ्यायची म्हटली की घरात आधी चर्चा होते. शिवाय पास आहे म्हणून गाडी वेळेवर येते असे थोडेच आहे! म्हणजे वेळापत्रक महाविद्यालयाचे पाहायचे नसून आगाराचे पाहायचे असते.

आता पैशाचे. माझ्या चुलतभावाने शहरातल्या एका महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घेतला होता. इमारत मोठी, नाव मोठे. सगळ्या भावकीला आनंद झाला. आपला प्रवेश विनाअनुदानित तुकडीत झाला आहे, हे त्याला फीची पावती हातात पडल्यावर कळले. अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकांचा पगार शासन देते, म्हणून तिथली फी कमी असते. विनाअनुदानित तुकडीचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवावा लागतो. दोन्ही तुकड्या एकाच इमारतीत, एकाच फाटकातून आत जाणाऱ्या. पहिला हप्ता काकांनी शेळ्या विकून भरला. दुसरा भरता आला नाही, परीक्षेचा अर्ज राहिला, आणि तो आज दुसऱ्याच्या टेंपोवर आहे. तो शब्द माहितीपुस्तकात छापलेला असेलही. मी नाही म्हणत नाही. पण त्या एका शब्दात शेळ्या जातात, हे त्याला प्रवेशाच्या खिडकीवर कुणी सांगायला नको होते का?

या प्रकारानंतर माझी यादी हातात घेऊन अण्णा म्हणाले, "आधी जाऊन बघून येऊ. सोयरीक करताना घर बघतोच की आपण." अण्णा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. निवडीविषयी मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा त्यांचे हे एक वाक्य मला अधिक उपयोगी पडले.

मला भूगोल घ्यायचा होता. याचे कारण कुणी विचारले तर मी आमच्या जिल्ह्याकडे बोट दाखवते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. सह्याद्रीच्या एका भिंतीने हे सगळे घडते. ज्या मुलीने उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडा लावला आहे, तिला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही.

तर आम्ही दोघे जवळच्या एका महाविद्यालयात गेलो. माहितीपुस्तकात भूगोल होता. 'नॅक'ची श्रेणी फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेली होती. कार्यालयात गर्दी होती, म्हणून अण्णा बाहेर शिपाईकाकांजवळ टेकले. तंबाखूची देवाणघेवाण झाली आणि काकांनी खरे ते सांगून टाकले : "भूगोलाचं सर मागच्याच साली रिटायर झालं. जागा भरली न्हाई. आता तासावरचं मास्तर येत्यात, कवा येत्यात, कवा न्हाई." ते नाव आम्ही परतीच्या गाडीतच खोडले.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मी नावे ठेवत नाही. त्यांना तासांप्रमाणे मानधन मिळते, त्यासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते, आणि तरीही त्यांतले कितीतरी जण जीव तोडून शिकवतात. मुद्दा वेगळा आहे. 'नॅक'ची श्रेणी सबंध महाविद्यालयाची असते, एका विषयाची नसते. आणि ती सहसा पाच वर्षांसाठी असते, फाटकावरचा रंग मात्र त्याहून जास्त टिकतो. आपण ज्या विषयासाठी जाणार, तो शिकवायला माणूस आहे का, प्रात्यक्षिकाच्या खोलीत नकाशे आहेत की जुनी बाके रचून ठेवली आहेत, ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते का, हे त्या श्रेणीवरून कळत नाही. त्यासाठी जावे लागते, आणि शिपाईकाकांना भेटावे लागते.

आमच्या वेळी त्यात आणखी एक भर होती. नवे शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, आणि त्याची पहिली तुकडी आमचीच. तीन वर्षांनी पदवी, चौथे वर्ष केले तर ऑनर्सची पदवी, एवढे आम्हाला ऐकून माहीत होते. पण ते चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात करता येईल का, हे विचारण्याचे सुचले ते इथे आल्यावर. तेव्हा मागून येणाऱ्यांनी हे आधी विचारावे.

जाऊन-येऊन करण्याजोगे दुसरे नाव परतीच्या गाडीच्या वेळेवर गेले. कऱ्हाडचे नाव राहण्याच्या सोयीवर अडले. साताऱ्याला आत्या राहते. माझ्या उच्च शिक्षणाचे पहिले कारण विचारले तर ते आत्याची दीड खोली, असेच मला प्रामाणिकपणे सांगावे लागेल. इथे भूगोलाला सर आहेत हे आम्ही पाहून घेतले, पण इथे आत्या नसती तर सर असूनही मी आले नसते.

या बाबतीत मला कर्मवीर भाऊराव पाटलांचे मोठे नवल वाटते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. त्यांचे पहिले महाविद्यालय, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज, निघाले ते १९४७ मध्ये. आधी मुलांच्या भाकरीची आणि पथारीची सोय, मग कॉलेज. खेड्यातल्या मुलाची यादी कुठे छाटली जाते, हे त्यांना नेमके ठाऊक होते. आज महाविद्यालये तालुक्या-तालुक्याला आहेत, पण मुलींच्या वसतिगृहातल्या खाटा त्या मानाने कुठे आहेत?

आता फर्ग्युसनविषयी. हे सांगताना मला थोडी लाज वाटते. ते नाव ना एसटीने खोडले, ना अण्णांनी. ते मी खोडले. यादी केली त्याच संध्याकाळी, घरात कुणी ती पाहण्याच्या आधी. तिथे सगळे इंग्रजीच बोलतात, असे कुणीतरी म्हणाल्याचे मला आठवत होते. तिथे भूगोल आहे की नाही, हेसुद्धा मी पाहिले नाही. अर्ज कधी सुटतात, फी किती, मुलींच्या वसतिगृहात जागा कशी मिळते, यातले काहीही न विचारता मी त्या नावावर रेघ मारली. पुढे अण्णांनी "वरचं का खोडलंस?" म्हणून विचारले, तेव्हा मी "लांब पडतंय" असे सांगितले.

मला तिथे प्रवेश मिळाला असताच असे नाही. कदाचित गुणांच्या यादीत माझे नाव लागले नसते. पण नाही म्हणण्याचे काम त्यांचे होते. ते मी आपणहून त्यांच्या वतीने करून टाकले. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीची गोष्ट याच जातीची आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवण्यासाठी पैसे देणारी स्वाधार योजना आहे, हे तिला दुसऱ्या वर्षी कळले. तोपर्यंत तिची यादी कधीच फाडून झाली होती.

म्हणून माझी आपल्या महाविद्यालयाला एक सूचना आहे. सुबक माहितीपुस्तक आपण काढतोच. त्याच्या जोडीला साध्या मराठीत एक पान काढावे. वर्षाचा सगळा खर्च किती, तो किती हप्त्यांत भरता येतो, कोणती तुकडी अनुदानित आणि कोणती नाही, कोणत्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत आणि कोणती जागा रिकामी आहे, शेवटची गाडी कोणत्या गावाला किती वाजता सुटते, एवढे त्यावर असावे. रिकाम्या जागा छापायला संकोच वाटेल, हे मी समजू शकते. पण शिपाईकाका त्या सांगणारच आहेत! आणि प्रवेशाच्या दिवसांत खिडकीशेजारी एक टेबल टाकून तिथे आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बसवावे. खिडकीवर बापमाणसे बोलायला बिचकतात, आमच्याशी बोलतील.

दिवाळीच्या सुटीत गावी गेले होते, तेव्हा शेजारच्या घरातली यंदा बारावीला असलेली मुलगी वही घेऊन आली. तिच्या यादीत पाच नावे होती. पुण्याच्या नावावर पेन्सिलीची बारीक रेघ होती.

"ही कुणी मारली?"

"मीच, ताई."

"तिथं कुणाला विचारलंस?"

तिने मान हलवली. मी तिला रेघ पुसायला लावली. तिचे वडील तयार झाले आहेत. निकाल लागला की आम्ही तिघे पुण्याला जाऊन येणार आहोत. मुक्कामाची गाडी सहाला सुटते, ती धरली तर दुपारपर्यंत कार्यालय उघडे सापडेल.