दहावी ओळ

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जुना 'चमत्कार' पुन्हा फिरत आला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असं करत करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. खाली जोडलेले हात. मीही सवयीने "वा!" टाकून मोकळा झालो.

शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "मामा, दहा एक घेतले तर?"

खरं सांगतो, इतक्या वर्षांत मी कधी करून पाहिलं नव्हतं. एक्सेल उघडलं, तर त्याला नऊ एकसुद्धा झेपेनात. ते पंधराच अंक सांभाळतं, त्यामुळे शेवटच्या २१ च्या जागी सरळ ००! मग कॅलेंडरच्या पाठीमागे, हाताने. एकांच्या पायऱ्या मांडायच्या आणि उभी बेरीज करायची. नऊपर्यंत कुठल्याच रांगेत हातचा येत नाही, एवढंच त्या चमत्काराचं गुपित. दहाव्याला मधल्या रांगेत १० येतात. हातचा एक शेजारच्या ९ वर, त्याचे झाले १०, पुन्हा हातचा, आणि ८ चा झाला ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब!

आता गंमत बघा. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही आठ नाही, आणि कारण तेच, हातच्याने त्याला नऊ करून टाकलेलं. शिवाय १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे आपले नऊ एक.

या संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं द. रा. कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला शाळेत मास्तर. ६१७४ वाले तेच. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. (डोंबिवलीकरांनो, लोकलच्या गर्दीतून वेळ मिळाला तर जरा मिरवा की!)

हार्डीने १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त अंकांच्या असल्या गमती कोड्यांच्या सदरापुरत्या ठरवून बाजूला ठेवल्या. मला ते अर्धंच पटतं. नऊ ओळींवर थांबलं तर ती गंमतच, हात जोडायच्या लायकीची. पण दहावी ओळ लिहिली की कळतं, ही करामत एकांची नसून आपण दहाने मोजतो त्याची आहे. म्हणून माझी तक्रार त्या फॉरवर्डवर आहे. नेमकी जिथे शिकण्यासारखी गोष्ट सुरू होते, तिथे तो संपतो. आणि त्यात मीही आलो. शिकवणीच्या पोरांना वर्षानुवर्षं नऊ ओळी लिहून फळा पुसत होतो. दहावी कुणी विचारलीच नाही, की विचारायची सोयच मी ठेवली नव्हती, कोण जाणे.

असो. ग्रुपवर दहावी ओळ टाकली. एका काकांनी लिहिलं, "टायपिंग मिस्टेक आहे, आठ राहिला."

भाची सध्या सोळाच्या पद्धतीत मांडून बघतेय. तिथे पंधरा एकांपर्यंत हातचा येत नाही म्हणे.